हाड जुळतं कसं आणि हाडवैद्य करतो काय

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात निंबाच्या झाडांना झोके बांधतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, त्यांची गाणी चाललेली असतात. बायका जेवायला घरात गेल्या की झोका पोरांच्या ताब्यात येतो. मग दोघं-दोघं उभं राहून झोका चढवतात, वरच्या फांदीला पाय लावून दाखवायच्या पैजा लागतात. आमच्या बोरीकाठच्या गावात दर आखाजीला एखाद्या तरी पोराचा हात मोडायचा. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा माझा मोडला.

डावा हात, मनगटाच्या चार बोटं वर. आजीने मला शेजारच्या गावी हाड बसवणाऱ्या आबांकडे नेलं. आबांनी ओट्यावर बसवलं, हाताला कोमट तेल लावलं आणि डोळे मिटून बोटांनी हाड चाचपत राहिले. "आठे दुखस का? आठे?" मग कितवीत आहेस असं विचारलं, आणि मी उत्तर देत असतानाच एक ओढ दिली. कळ थेट डोक्यात गेली. त्यानंतर कापूस, त्यावर बांबूच्या चार कामट्या, त्यावर जुन्या धोतराची पट्टी. दर चार दिवसांनी ते सोडून बघायचे आणि पुन्हा बांधायचे. पाच आठवड्यांनी हात मोकळा झाला. आज तो नेमका कुठे मोडला होता हे मलाही बोट ठेवून सांगता येत नाही. आबांनी घेतलं काय, तर एक नारळ आणि आजीने बळेच ठेवलेले दहा रुपये.

सहा वर्षांनी माझा मामेभाऊ तसाच झोक्यावरून पडला. सात वर्षांचा होता. त्याचा हात कोपराच्या जरा वर मोडला. आबा तोवर वारले होते, म्हणून त्याला दुसऱ्या एका बाबांकडे नेलं. त्यांनीही ओढ दिली, कामट्या लावल्या, पट्टी आवळून बांधली. पोरगं रात्रभर रडलं. घरातले सगळे एकच म्हणत होते, हाड मोडलंय, दुखणारच. तिसऱ्या दिवशी त्याची बोटं काळीनिळी आणि गार झालेली दिसली तेव्हा कुठे गाडी करून तालुक्याला नेलं. हाड पुढे जुळलं, चांगलं जुळलं. पण त्या हाताची बोटं कायमची मुठीत वळली. आज चाळिशीत असलेला तो माणूस त्या हाताने शर्टाची गुंडी लावू शकत नाही.

या दोन हातांमध्ये फरक कशाने पडला, हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. ते समजलं असतं तर त्या रात्री आमच्यापैकी कोणीही, अगदी मीसुद्धा, तो हात वाचवू शकलो असतो. म्हणून हे सगळं मुळापासून सांगतो.

हाड म्हणजे जिवंत भिंत

आपल्याकडच्या धाब्याच्या घराची भिंत आठवा. नुसत्या मातीची भिंत वाळताना तडकते, म्हणून मातीत भुसा आणि गवताचे तुकडे घालून ती तुडवतात. माती भार सोसते आणि गवत तिला फुटू देत नाही. हाडाची रचना तशीच आहे. कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या क्षारांची माती, आणि तिच्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे. लहान मुलांच्या हाडात क्षार कमी आणि लवचीकपणा जास्त असतो, त्यामुळे ते ओल्या निंबाच्या काडीसारखं वाकतं, एका बाजूने चिरतं, दुसऱ्या बाजूने अखंड राहतं. म्हातारपणी हाड विरळ होतं आणि वाळलेल्या पऱ्हाटीसारखं कडकन मोडतं.

भिंतीला मात्र रक्त नसतं. हाडाला असतं. हाडाच्या आत आणि त्याच्या वरच्या पातळ सालीत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, जुनं हाड खाणाऱ्या आणि नवं हाड घालणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांचं काम आयुष्यभर चालू असतं. हाड मोडलं की या पेशींना जणू हाकारा जातो. पहिल्या काही दिवसांत मोडलेल्या जागी रक्त साकळतं आणि सूज येते. ही सूज म्हणजे दुरुस्तीची सुरुवात. मग दोन-तीन आठवड्यांत त्या गाठीच्या जागी मऊ, कूर्चेसारखा भराव तयार होतो. हाताने हलवलं तर तो अजून हलतो. साधारण सहा ते बारा आठवड्यांत त्या भरावात क्षार बसतात आणि तो टणक होतो. आपल्याकडे यालाच 'हाड धरलं' म्हणतात. पुढची कित्येक महिने, कधी वर्षं, शरीर त्या जागेवरचा जादा भराव खरवडून पहिला आकार परत आणत राहतं. कातडीला जखम झाली तर वण राहतो. हाड मात्र हाडानेच भरून निघतं, ही त्याची मोठी खुबी.

याचा अर्थ असा, की हाड कोणी जोडत नाही. ना हाडवैद्य, ना सर्जन. ते स्वतः जुळतं. बाहेरच्या माणसाने त्याला चार गोष्टी मिळवून द्यायच्या असतात: मोडलेली टोकं समोरासमोर यावीत, ती हलू नयेत, तिथवर रक्त पोचत राहावं आणि जंतू आत शिरू नयेत. कामट्या, प्लॅस्टर, प्लेट, रॉड ही सगळी याच चार गोष्टींसाठीची साधनं आहेत.

माझ्या हाताला या चारही मिळाल्या. भावाच्या हाताला तिसरी मिळाली नाही.

हातातली विद्या खरी आहे

गावात हाड बसवणारा माणूस कोण असतो? कुठे बापाकडून मुलाकडे आलेली विद्या असते. कुठे तालमीतले वस्ताद असतात, ज्यांनी आखाड्यात शेकडो निखळलेली बोटं आणि मुरगळलेली मनगटं पाहिलेली असतात. कुठे मेंढपाळ असतो, मेंढीचा पाय बांधता बांधता माणसाचा बांधायला शिकलेला. सातपुड्याच्या पट्ट्यात, अक्राणी, मोलगी, तोरणमाळकडच्या पाड्यांवर, जंगलातली साल आणि वेल ओळखणारी माणसं हे काम करतात. तिथून एक्स-रेचं मशीन गाठायचं तर घाट उतरावा लागतो, दिवसाची मजुरी बुडते, आणि पलीकडे बोलणारा माणूस पावरी किंवा भिली समजणारा असेलच असं नाही. हाडवैद्य तुमच्याच बोलीत विचारतो, हाताला हात लावून बघतो, आणि चिरफाड करत नाही. लोक त्याच्याकडे अडाणीपणामुळे जातात असं म्हणणाऱ्यांनी एकदा मोडका पाय घेऊन तो घाट उतरून पाहावा.

शिवाय काही बाबतीत त्याचा गुण खरोखर लगेच येतो. एक उदाहरण सांगतो. तीन वर्षांचं मूल रस्ता ओलांडताना हट्ट करतं, आई त्याला मनगटाला धरून झटक्याने वर ओढते. मूल किंचाळतं आणि त्यानंतर तो हात हलवतच नाही, अंगाशी धरून ठेवतं. इथे हाड मोडलेलं नसतं. कोपराजवळ एका हाडाच्या डोक्याभोवती एक पट्टा असतो, तो थोडा सरकून सांध्यात अडकलेला असतो. जाणकार माणूस तळहात आभाळाकडे वळवतो आणि कोपर दुमडतो. बारीकसा 'टक' आवाज येतो आणि पाच-दहा मिनिटांत मूल त्याच हाताने बिस्किट मागतं. हे डॉक्टरही असंच करतात. घरच्यांना तो चमत्कार वाटतो. खरं तर ती शरीररचना आहे. फक्त एक लक्षात ठेवायचं: हे ओढल्यामुळे झालेल्या आणि सूज नसलेल्या हातापुरतं. मूल पडलं असेल, कोपर सुजलं असेल, तर हाच पिळा घात करतो.

खांदा उतरण्याचंही थोडंफार तसंच आहे. हळूहळू, न झटकता ताण दिला की थकलेला स्नायू सैल पडतो आणि गोळा खोबणीत परत बसतो. वस्तादांना हे जमतं. पण खांदा उतरताना कधी हाडाचा टवकाही निघतो, कधी खांद्याच्या बाहेरच्या बाजूला संवेदना देणारी नस ताणली जाते, आणि हे बोटांना कळत नाही. एक्स-रे इथे बोटांच्या पुढे जातो.

ही विद्या किती जुनी आहे पाहा. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर निदानाचा आणि चिकित्सेचा असे दोन स्वतंत्र अध्याय आहेत. सांधा सुटण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार तिथे वेगळे केले आहेत. उपाय चार: ओढणं, दाबणं, जागेवर आणणं आणि बांधणं. आबांनी माझ्या हाताला नेमकं हेच केलं होतं. कामट्यांसाठी सुश्रुताने सांगितलेल्या झाडांमध्ये मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड आणि बांबू येतात. सातपुड्यात फिरलेल्या कोणालाही ही यादी ओळखीची वाटेल. पट्टी किती दिवसांनी सोडायची हेही तिथे ऋतूप्रमाणे दिलं आहे: थंडीत सात दिवसांनी, मधल्या हवेत पाच, उन्हाळ्यात तीन. हाड धरायला बालपणी एक महिना, मध्यम वयात दोन, उतारवयात तीन, असाही हिशोब आहे, आणि आजच्या हिशोबापासून तो फार लांब नाही.

त्याच अध्यायात एक वाक्य आहे, जे मला प्रत्येक हाडवैद्याच्या ओट्यावर लिहून ठेवावंसं वाटतं. पट्टी फार सैल असेल तर सांधा स्थिर होत नाही, आणि फार घट्ट असेल तर कातडीला आणि आतल्या भागाला सूज, वेदना आणि पू होतो. घट्ट पट्टीचा धोका आपल्याच परंपरेने सांगून ठेवला होता. माझ्या भावाच्या हातावर परंपरा चालली नव्हती, परंपरेचा निम्मा भाग चालला होता.

घट्ट पट्टीत आत काय होतं

हाताच्या पुढच्या भागात, कोपर ते मनगट, स्नायूंचे गठ्ठे असतात. प्रत्येक गठ्ठ्याभोवती एक चिवट आवरण असतं, ते ताणत नाही. कापसाच्या पोत्यासारखं समजा. हाड मोडलं की आत रक्त आणि पाणी साचतं, सूज वाढते. पोतं फुगू शकत नाही, म्हणून आतला दाब वाढतो. त्यात बाहेरून पट्टी आवळलेली. आता पातळ भिंतीच्या नीला आणि केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या आधी दबतात. रक्त परत जाऊ शकत नाही, मग नवं रक्त स्नायूंच्या आत शिरू शकत नाही, सूज आणखी वाढते, दाब आणखी वाढतो.

मोठी धमनी मात्र जाड असते, ती शेवटपर्यंत चालू राहते. म्हणजे मनगटावर नाडी लागत असते आणि तरीही आत स्नायू गुदमरत असतो. 'नाडी लागते ना, मग ठीक आहे' हे समाधान इथे फसवं आहे.

रक्ताशिवाय स्नायू फार तर चार ते सहा तास तग धरतो. त्यानंतर तो मरायला लागतो, आणि मेलेल्या स्नायूच्या जागी वणासारखा आखडणारा धागा उरतो. तो आखडतो आणि बोटांना आत ओढतो. जर्मन सर्जन रिचर्ड फोन फोल्कमन यांनी १८८१ मध्ये या विकाराचं वर्णन केलं आणि घट्ट बांधलेल्या पट्ट्यांशी त्याचा संबंध जोडला. माझ्या भावाच्या हाताचं वैद्यकीय नाव त्यांच्याच नावावरून आहे.

त्याच्या बाबतीत जागाही सर्वांत वाईट होती. लहान मुलांमध्ये, विशेषतः पाच ते सात वर्षांच्या, पसरलेल्या हातावर पडल्यावर दंडाचं हाड कोपराच्या थोडं वर मोडतं. तिथे हाडाच्या अगदी पुढून हाताची मुख्य धमनी आणि मोठ्या नसा जातात. मोडलेलं टोक पुढे सरकलं की ते थेट धमनीवर रेलतं. त्यामुळे पट्टी न बांधताही हा हात धोक्यात असू शकतो. आणि वाकडं जुळलं तर वाढीबरोबर ते सुधारेल ही आशाही इथे कमी. दंडाच्या हाडाची लांबी वाढते ती सुमारे ८० टक्के खांद्याकडच्या टोकाला, कोपराकडे जेमतेम २० टक्के. माझं हाड मनगटाजवळ मोडलं होतं, जिथे वाढ भरपूर असते. आबांची ओढ थोडी कमी-जास्त झाली असती तरी माझ्या वाढत्या वयाने बराचसा वाकडेपणा पुसून टाकला असता. माझा सरळ हात निम्मा आबांचा आहे आणि निम्मा त्या जागेचा.

आता त्या रात्री काय बघायला हवं होतं, ते सांगतो. हे पट्टीला लागू आहे आणि दवाखान्यातल्या प्लॅस्टरलाही तितकंच. सूज वाढायची असते म्हणूनच पहिले काही दिवस डॉक्टर अर्धगोल कच्चं प्लॅस्टर देतात आणि पक्कं नंतर करतात.

हाड जागेवर बसवून, न हलेल असं बांधलं की दुखणं कमी व्हायला हवं. ते तासागणिक वाढत असेल, मूल काही केल्या शांत होत नसेल, तर ते 'हाड मोडल्याचं दुखणं' नाही. बोटं हलकेच सरळ करून पाहा. तसं करताना मूल कळवळून ओरडत असेल तर ही सर्वांत आधी दिसणारी खूण आहे. मग मुंग्या येणं, बधिरपणा, बोटं पांढरी किंवा निळसर आणि गार पडणं, बोटं हलवता न येणं. नख दाबून सोडा, पांढरं झालेलं नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. पण नख गुलाबी आहे म्हणून वाढत्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण नख शेवटी बदलतं.

असं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. पट्टी वरून थोडी सैल करून भागत नाही. पट्टी, कापूस, लेप, सगळे थर कातडी दिसेपर्यंत सोडायचे. हाड पुन्हा सरकेल ही भीती वाटते, पण सरकलेलं हाड परत बसवता येतं, मेलेला स्नायू परत येत नाही. हात छातीच्या पातळीला ठेवायचा आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने मोठा दवाखाना गाठायचा.

लेप, तेल आणि मालीश

आबा लेप लावत ते मेदालकडीच्या सालीचा. आंबेहळद, तुरटी, अंड्याचा पांढरा बलक, रक्तबोळ, कुठे कांडवेल, असे प्रकार गावागणिक बदलतात. मेदालकडीची पूड पाण्यात कालवली की चिकट होते आणि वाळली की कडक. म्हणजे ती एका प्रकारे गावठी प्लॅस्टरच आहे, आणि हा तिचा खरा उपयोग. हाडापर्यंत लेप पोचत नाही, मध्ये कातडी, चरबी आणि स्नायू असतात. कांडवेलीला, म्हणजे हाडजोडीला, प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाड लवकर भरण्याचे संकेत मिळाले आहेत. माणसांमध्ये तो उपयोग नक्की म्हणण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. लेपाचा तोटा मात्र डोळ्यांना दिसतो: सुजलेल्या कातडीवर गरम लेपाने फोड येतात, आणि पुढे ऑपरेशनची गरज पडली तर कातडी बरी होईपर्यंत सर्जनला थांबावं लागतं.

मालिशीबद्दल मी आग्रहाने बोलेन. लचकलेल्या पाठीला मालिशीने बरं वाटतं, ते वाटू द्या. मोडलेल्या किंवा नुकत्याच दुखावलेल्या कोपराला मालीश करू नका. तिथल्या फाटलेल्या स्नायूला पुन्हा पुन्हा रगडलं तर शरीर स्नायूतच हाड घालायला लागतं आणि कोपर कायमचं अडकतं. हाड धरल्यानंतर कोपर मोकळं करायचं ते मुलाने स्वतः, रोज थोडं थोडं हलवून. दुसऱ्याने जोर लावून नाही.

आणखी एक गोष्ट. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखतो, पडल्याचं नीट आठवत नाही, रात्री दुखणं वाढतं, गाठ हळूहळू मोठी होते. अशा गुडघ्यावर महिनोन् महिने मालीश आणि शेक होत राहतो. ती गाठ हाडाची असू शकते, आणि या वयात, याच जागी हाडाचा कर्करोग जास्त आढळतो. मार न लागता सुजलेला सांधा, त्यातही ताप असेल तर, तोही हाडवैद्याचा नाही. सांध्यात पू झाला तर काही दिवसांत सांधा खराब होतो.

डॉक्टरांनीही त्यांच्याकडून शिकलं आहे

हाडवैद्य फक्त आपल्याकडे नाहीत. इंग्लंडमध्ये त्यांची घराणी होती. १८६७ मध्ये जेम्स पॅजेट या नामवंत सर्जनने डॉक्टरांपुढे एक व्याख्यान दिलं, विषय होता हाडवैद्य बऱ्या करतात त्या दुखण्यांचा. त्याचं म्हणणं होतं की या लोकांच्या हातून नुकसान होतं ते जाणा, पण जे बरं होतं त्यातून शिका. जखडलेला सांधा हलवून ते काही दुखणी खरोखर बरी करतात, हे त्याने मान्य केलं होतं.

पुढचा प्रसंग मला फार आवडतो. वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या हाडवैद्यांच्या घराण्यातला एक मुलगा, ह्यू ओवेन थॉमस, रीतसर डॉक्टर झाला. त्याने दुखऱ्या गुडघ्यासाठी एक लोखंडी चौकट बनवली, जी पायाला सतत ताण देऊन ठेवते. पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने ती चौकट आघाडीवर नेली, आणि मांडीचं हाड मोडून मरणाऱ्या सैनिकांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. 'थॉमस स्प्लिंट' आजही वापरात आहे. हाडवैद्याच्या घरातला हात आणि डॉक्टरांची पुस्तकं एकत्र आली की काय होतं, ते त्या चौकटीत दिसतं.

आपल्याकडे तसं झालेलं नाही. कायद्याने, नोंदणी नसलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार करता येत नाहीत. प्रत्यक्षात गावोगावी उपचार चालू आहेत. डॉक्टर हाडवैद्याला नाव ठेवतात, हाडवैद्य बिघडलेली केस लपवतो, आणि त्या दोघांच्या मधल्या वाटेत पेशंटचे तास जातात.

मग कोणाकडे जायचं

पाय मुरगळला तर आधी उभं राहून पाहा. चार पावलं टाकता येत असतील आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड दाबल्यावर दुखत नसेल, तर मोडलं असण्याची शक्यता फार कमी. बर्फ किंवा गार पाणी, आवळ न बसेल अशी पट्टी, पाय उशीवर, आणि चार दिवस धीर. हाडवैद्याकडे गेलात तरी हेच बरं होणार आहे. त्यांच्या यशातला मोठा वाटा अशा दुखापतींचा असतो, आणि उरलेला मुलांच्या हाडांचा, जी जुळण्यासाठी जणू टपलेलीच असतात.

कातडी फाटून हाड दिसत असेल, किंवा मोडलेल्या जागेजवळ लहानशीही जखम असेल, तर लेप लावू नका, माती-शेण तर नाहीच. स्वच्छ फडकं ठेवा आणि निघा. धनुर्वात आणि हाडात जंतू शिरणं, दोन्ही धोके तिथूनच सुरू होतात. मान किंवा पाठ दुखावली असेल तर माणसाला उचलून उभं करू नका. केळीच्या गाडीवरून किंवा विहिरीत पडलेल्या माणसाला खांद्यावर टाकून आणणारे मदतच करत असतात, पण त्यांच्या हातून मणका सरकू शकतो. फळीवर किंवा खाटेवर आडवं ठेवून न्या.

म्हातारं माणूस मोरीत घसरलं, खुब्यात दुखतंय, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, तर खुब्याचं हाड मोडलंय असंच समजा. तिथे गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोडलेल्या भागातूनच जातात. त्या तुटल्या की हाड किती बांधलं तरी जुळत नाही. त्यात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या जिवाला फुफ्फुसाचा आजार आणि पाठीला जखमा व्हायला वेळ लागत नाही. 'या वयात कशाला ऑपरेशन' असं म्हणून घरी ठेवणं ही माया नव्हे. वय झालंय म्हणूनच लवकर ऑपरेशन करून, गोळा बदलून किंवा रॉड टाकून, त्याला पायावर उभं करायचं असतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

मनगटाची एक फसवी दुखापतही सांगून ठेवतो. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. पडल्यावर तिथे दाबून दुखत असेल तर आतलं छोटं हाड मोडलेलं असू शकतं, आणि पहिल्या एक्स-रेत ते दिसेलच असं नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो. 'फोटोत काही नाही' म्हणून मोकळे सुटलेले लोक वर्षभराने दुखऱ्या मनगटाने परत येतात.

आणि हाड धरेपर्यंत तंबाखू आणि विडी बंद. आमच्याकडे हे ऐकून घेत नाहीत, पण निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. कळण्याची भाकरी, डाळ, तीळ, दूध, अंडी, जे घरात असेल ते पोटभर. भिंतीला माती लागते तसं गवतही लागतं, म्हणून नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या पुरत नाहीत. साखरेचा आजार असेल तर ती आटोक्यात.

आबांचा मुलगा आता तेच काम करतो. गेल्या आखाजीला मी त्याच्या ओट्यावर बसलो होतो तेव्हा एक बाई पोराला घेऊन आली. झोक्यावरून पडलेला, कोपर सुजलेलं. त्याने हात चाचपला नाही, ओढला तर नाहीच. कोपर जसं होतं तसंच ठेवून खाली एक कामटी दिली, वर ओढणीची सैल झोळी केली, पोराचं नख दाबून पाहिलं. मग बाईला म्हणाला, "माय, हाई मन्ह काम नई. दवाखानामा ली जाय, आत्तेच." आणि मोटारसायकल काढायला उठला.